'द लेक हाऊस' वाचून फार निराशा झाली, पहिला भाग आवडलेल्यांनी कृपया बोला

घोडबंदरची मुग्धा

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, 'व्हेन द विंड ब्लोज' आणि त्याचा दुसरा भाग 'द लेक हाऊस', दोन्ही पुस्तकांची गोष्ट खाली फोडलीये, वाचायची असतील तर इथेच थांबा.

माझं ऑफिस घणसोलीला, त्यामुळे सगळं वाचन ठाणे-वाशी लोकलमध्ये होतं आणि थ्रिलर लिहिणारा जेम्स पॅटरसन त्यासाठी बरा पडतो, दोन-तीन पानांची प्रकरणं, ऐरोली ते रबाळे एक संपतं. त्याचं १९९८ चं 'व्हेन द विंड ब्लोज' मी असंच उचललं होतं आणि ते मला खरंच खूप भिडलं. कोलोरॅडोतल्या एका छोट्या गावात फ्रॅनी नावाची जनावरांची डॉक्टर, नवरा गेलेला, एकटी, आणि तिला जंगलात एक अकरा वर्षांची मुलगी दिसते जिला पंख आहेत. मॅक्स. 'स्कूल' नावाच्या गुप्त जागी पक्ष्यांचे जीन्स घालून तयार केलेली मुलं, तिथून ती आणि तिचा लहान भाऊ मॅथ्यू पळालेत. मला थ्रिल आवडलं ते वेगळं, पण खरी गंमत ही की फ्रॅनी जनावरांची डॉक्टर असल्यामुळे ती मुलीला बघते ती डॉक्टरच्या नजरेने. परी नाही, राक्षस नाही, एक घाबरलेला जीव, ज्याची छाती, श्वास, हाडं आपल्यापेक्षा वेगळी आहेत आणि त्याला आत्ता उपचार हवेत. तिथे मी पूर्ण अडकले.

आता 'द लेक हाऊस', २००३ चं. सुरुवात इतकी जबरदस्त आहे की मी खूश झाले. 'स्कूल'मधून सुटलेली सहा पंखवाली मुलं आपापल्या जन्मदात्या आईबापांकडे आहेत, त्यांचं तिथे अजिबात जमत नाहीये, आणि फ्रॅनी आणि पहिल्या भागातला एफबीआयवाला किट मुलांच्या ताब्यासाठी कोर्टात उभे राहतात. म्हणजे विचार करा, ज्यांच्या पोटची मुलं ते एकीकडे आणि ज्यांनी जीव वाचवला ते दुसरीकडे, आणि मधे ही मुलं जी दोघांसारखीही दिसत नाहीत. मला वाटलं आता पुस्तकभर हेच चालणार. पण नाही! केस हरतात आणि विषय संपला. मग आला डॉ. एथन केन, त्याचं हॉस्पिटल, गायब होणारे लोक, म्हाताऱ्या बड्या धेंडांना आयुष्य वाढवून द्यायचा प्लॅन, पळापळ, पाठलाग, परत पळापळ. हा केन कुठल्याही पुस्तकातून उचलून कुठेही ठेवला तरी चालेल असा आहे, त्याला या मुलांबद्दल काही वाटतच नाही, राग नाही की कुतूहल नाही, त्याला फक्त मॅक्स हवीये. आणि उडणं! पहिल्या भागात मॅक्स उडते तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता, इथे मुलं रिक्षा पकडावी तशी उडतात.

मला खरंच जाणून घ्यायचंय की हे नक्की कुठे फसलं. लेखक तोच, मुलं तीच. पहिला भाग आवडलेल्या कोणी दुसरा मनापासून एन्जॉय केलाय का? केला असेल तर काय आवडलं तेही सांगा, मी मोकळ्या मनाने वाचेन.

कळव्याची शर्वरी

मुग्धा +१. अगदी अगदी. मी कोर्टाचा भाग संपल्यावर आणखी थोडं वाचलं आणि ठेवून दिलं. मला मुलांच्या बोलण्याचा पण त्रास झाला, पहिल्या भागात मॅक्सला बाहेरचं जग नवीन होतं, एकेका गोष्टीकडे ती बघत राहायची. दुसऱ्यात सगळी एकदम चटपटीत बोलतात, टीव्हीवरच्या मुलांसारखी. बंद जागेत वाढलेली मुलं इतक्या पटकन सरावतात का?

खाडीकाठचा सर

मी ऐरोलीला राहतो, जीवशास्त्र शिकवतो, आणि हिवाळ्यात जमेल तेव्हा पोरांना घेऊन ठाणे खाडीत फ्लेमिंगो बघायला जातो, तर त्या बाजूने लिहितो.

मुग्धा, उडण्याबद्दल तू जे म्हणतेस ते फार बरोबर आहे आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. फ्लेमिंगो बोटीतून जवळून बघा कधीतरी. तो थेट उडत नाही. मान पुढे ताणतो, पंख आपटतो आणि पाण्यावरून चक्क धावत सुटतो, पाय फटफट वाजतात, आणि बऱ्याच पावलांनंतर कुठे वर उचलला जातो. आणि याचं वजन किती, तर २ ते ४ किलो. आज उडू शकणाऱ्या सगळ्यात जड पक्ष्यांचं वजन १८-२० किलोच्या आसपास थांबतं. कारण साधं आहे, शरीर सगळ्या बाजूंनी दुप्पट केलं की पंखांचं क्षेत्रफळ चौपट होतं पण वजन आठपट. म्हणजे ३०-३५ किलोची मुलगी उडवायची तर पोकळ हाडं लागणार, छातीचे स्नायू प्रचंड लागणार, ते धरायला छातीचं हाड नौकेच्या तळासारखं पुढे आलेलं लागणार, आणि फुप्फुसं आपल्यासारखी भात्याची चालणार नाहीत. पक्ष्यांच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहत राहते आणि शरीरभर हवेच्या पिशव्या असतात, म्हणून त्यांना एवढा दम टिकवता येतो.

हे सगळं एका मुलीच्या अंगात बसवणं आज कोणालाही शक्य नाही, एखाद-दुसरा जीन बदलून पंख फुटत नाहीत. पण कथेला ते माफ. माझी अट एवढीच की शरीराची किंमत दाखवा. इतकं उडणारीला भूक किती लागेल? थंडीत काय होईल? पोकळ हाड मोडलं तर? साधी पाठीवर झोपेल कशी? पहिल्या भागात फ्रॅनीमुळे हे प्रश्न जिवंत राहतात म्हणून पंख खरे वाटतात. दुसऱ्यात फ्रॅनी तीच आहे पण तिला डॉक्टरकी करायला लेखक वेळच देत नाही.

आणखी एक. डॉली ही क्लोन केलेली मेंढी जन्मली १९९६ मध्ये आणि जगाला कळलं फेब्रुवारी १९९७ मध्ये. लगेच १९९८ ला पहिलं पुस्तक. तेव्हाची भीती ताजी होती, लोकांना खरंच वाटत होतं की कुठल्यातरी लॅबमध्ये आत्ता काहीतरी चाललंय. दुसरं आलं त्याच वर्षी, २००३ च्या एप्रिलमध्ये, ह्यूमन जीनोम प्रोजेक्ट, म्हणजे माणसाचा सगळा डीएनए वाचून काढायचं काम, पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. एवढा मोठा विषय समोर असताना लेखक गेला अवयव चोरणाऱ्या डॉक्टरकडे, जो तेव्हाही जुना झाला होता.

नौपाड्याचा वकील

मी ठाण्यात कोर्टात कौटुंबिक प्रकरणं बघतो. मुग्धाताई, तुमचा कोर्टवाला मुद्दा वाचून राहवलं नाही.

अमेरिकेतला कायदा वेगळा, त्यात शिरत नाही. पण ही सहा मुलं ठाण्याच्या कोर्टात आली असती तर काय झालं असतं याचा मी पुस्तक वाचताना फार विचार केला. आपल्याकडे गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्ट १८९० चा आहे, त्याच्या कलम १७ मध्ये मुलाचं हित बघा असं सांगितलंय, आणि मूल समजून सांगण्याइतकं मोठं असेल तर कोर्ट त्याची पसंती विचारात घेऊ शकतं हेही त्यातच आहे. १९५६ च्या हिंदू मायनॉरिटी अँड गार्डियनशिप ॲक्टमध्येही मुलाचं हित सर्वात वर. जन्म दिला हा मुद्दा मोठा आहे, पण तेवढ्यावर निकाल लागत नाही.

प्रत्यक्षात जज मुलाशी चेंबरमध्ये बोलतात. मला एक मुलगा आठवतो, साधं शाळेचं नाव विचारलं तरी उत्तर द्यायच्या आधी तो दाराकडे बघायचा, कारण दारापलीकडे दोन्हीकडची माणसं उभी आहेत हे त्याला पक्कं माहीत होतं. आता तिथे मॅक्सला बसवा. जिने आयुष्यभर डॉक्टरांचे हुकूम ऐकले, जिला स्वतःचं मत असतं हेच नुकतं कळलंय, तिला एक अनोळखी माणूस विचारतो की तुला कोणाकडे राहायचंय. आणि पलीकडची आई, तिचंही काही चुकलेलं नाही हो! तिचं मूल तिच्यापासून हिरावलं गेलं, इतक्या वर्षांनी ते मिळालं तर पंखांसकट मिळालं, आणि ते तिच्याकडे बघायलाही तयार नाही. या बाईवर मी अख्खी कादंबरी वाचली असती. पॅटरसनने जन्मदात्या आईबापांना जवळपास अडचण म्हणून वापरलंय, याचा मला खरा राग आहे. त्यांना माणसासारखं लिहिलं असतं तर कोणाची बाजू घ्यावी हे वाचकाला कळलं नसतं, आणि तोच खरा थरार.

सानपाडा एक्सप्रेस

मी जरा वेगळं बोलतो, रागावू नका. मला दुसरा भाग आवडला. ग्रेट आहे असं म्हणत नाही. पण सरोवराकाठच्या घरात ती सगळी एकत्र राहतात तो भाग वाचताना मला फार बरं वाटलं, इतकं सोसल्यावर त्या पोरांना कोणीतरी गरम जेवण करून घालतंय, वेळेवर झोपा म्हणून ओरडतंय, एवढंच मला हवं होतं. त्या सहातला इकारस, दिसत नाही त्याला, तरी बाकीच्यांच्या भरवशावर उडतो, त्याच्यासाठी तर मी पूर्ण पुस्तक परत वाचेन. आणि पहिल्या भागातही किट आणि फ्रॅनीचं प्रेम फारच झटपट जमतं, ते आपण सगळे सोडून देतो कारण मॅक्स आहे.

मला वाटतं तुम्ही सगळे त्याच्याकडून अशा पुस्तकाची अपेक्षा करताय जे त्याला लिहायचंच नव्हतं. त्याला मुलं पळताना दाखवायची होती. पुढे २००५ ला त्याने 'मॅक्सिमम राईड' ही मोठ्या होणाऱ्या मुलांसाठीची सिरीज सुरू केली, त्यातही मॅक्स आहे, स्कूल आहे, पण ही ती मॅक्स नव्हे आणि फ्रॅनी-किट यात नाहीत असं त्यानेच सुरुवातीला सांगितलंय. म्हणजे कल्पना त्याला सोडवत नव्हती, त्याने ती परत पहिल्यापासून मांडली.

घोडबंदरची मुग्धा

सानपाडा, रागावायचं काय त्यात, इकारसबद्दल शंभर टक्के सहमत. आणि त्या घराचा भाग मलाही आवडला, पण तो इतका लवकर संपवला म्हणूनच जास्त लागलं. पुस्तकाचं नावच त्या घरावरून आहे ना! आणि पहिल्यापासून मांडली हा मुद्दा मला पटला, पण त्यावरून मला तर वाटतं की 'द लेक हाऊस'ने रस्ता बंद केला होता हे त्यालाही जाणवलं असावं. चालू गोष्टीला पुढे जागा असती तर नवी मॅक्स कशाला लागली असती?

वकील साहेब, ते दाराकडे बघणारं पोर काही डोक्यातून जाईना. सर, तुम्हाला एक विचारू का, आता तर खरंच जीन बदललेली मुलं जन्मली आहेत ना चीनमध्ये? त्यांचं काय?

खाडीकाठचा सर

हो. नोव्हेंबर २०१८ मध्ये 'हे जियानकुई' नावाच्या चिनी शास्त्रज्ञाने जाहीर केलं की क्रिस्परने, म्हणजे जीन कापून बदलायच्या तंत्राने, गर्भात बदल केलेल्या जुळ्या मुली जन्मल्या आहेत. सीसीआर-५ नावाचा जीन निकामी करायचा प्रयत्न होता, हेतू सांगितला तो एचआयव्हीची लागण होऊ नये हा. जगभरच्या शास्त्रज्ञांनी झोडपलं, कारण त्याची गरजच नव्हती, लागण टाळायचे साधे मार्ग आधीच होते, आणि गर्भात केलेला बदल पुढच्या पिढ्यांतही जाऊ शकतो. डिसेंबर २०१९ मध्ये त्याला ३ वर्षांची शिक्षा झाली.

इथे एक फरक लक्षात घ्या, सगळ्याच जीन बदलांना घाबरायचं कारण नाही. आपल्या खारघरच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्रामध्ये टाटा मेमोरियल आणि आयआयटी मुंबईची कॅन्सरवरची जी कार-टी थेरपी रुग्णांना दिली गेली, तिला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, तिथे पेशंटच्याच रक्तातल्या पेशी काढून, बदलून परत देतात. तो बदल त्या पेशंटपुरताच राहतो. तो ते स्वतः समजून सही करून घेतो. गर्भाला कोणी विचारत नाही.

त्या मुलींना जग लुलू आणि नाना या टोपणनावांनी ओळखतं, खरी ओळख बाहेर आलेली नाही, आणि येऊ नये असं मला फार वाटतं. त्या आता शाळेत जायच्या वयाच्या आहेत. त्यांच्या तब्येतीवर लक्ष कोणी ठेवायचं, किती ठेवायचं, त्यांना हे कधी आणि कोणी सांगायचं, ती तपासणी नको म्हणायचा हक्क त्यांना आहे की नाही... 'द लेक हाऊस'च्या सुरुवातीच्या कोर्टाच्या प्रकरणांत हेच सगळं हाताशी आलं होतं, २००३ सालीच.

नौपाड्याचा वकील

सर, नको म्हणायच्या हक्कावर नवीन धागा काढा, मी येतो. मुलाच्या वतीने संमती पालक देतात, पण इथे पालकांनीच आधी एकदा संमती दिलेली असते, म्हणजे पुढच्या वेळी त्यांच्यावर सोडायचं का हा मोठा वादाचा मुद्दा होईल.

कळव्याची शर्वरी

धागा काढला की लिंक इथे टाका. आणि मुग्धा, पहिला भाग तुझ्याकडे असेल तर मला हवाय, माझी कॉपी कोणीतरी नेली ती आलीच नाही. ठाणे स्टेशनला सॅटिसवर भेटू.

घोडबंदरची मुग्धा

आहे, देते. शुक्रवारी सातच्या आसपास चालेल? दुसरा पण हवा असेल तर सांग, मला परत नाही दिलास तरी चालेल.