गंगापूर धरणाजवळचा बंगला: अ‍ॅपशिवाय बुकिंग घेता येईल का?

गंगापूररोडकर: दोन खोल्यांचा बंगला आहे, शनिवार-रविवार मुंबईकरांनी भरतो पण अ‍ॅपवाले पंधरा टक्क्यांच्या आसपास कापतात आणि गेस्टचा नंबर बुकिंग होईपर्यंत दिसतच नाही. २०२७ चा नाशिकचा कुंभ येतोय. भाचा म्हणतो ब्लॉकचेनवर (कुणा एकाच्या ताब्यात नसलेली, सगळ्यांकडे प्रत असलेली ऑनलाइन नोंदवही) टाक मामा, मधला माणूसच नको. कोणी केलंय का?

द्राक्षवाला: भाच्याला सांग, ठाण्याहून मिसळ खायला येणारी फॅमिली क्रिप्टोने पैसे द्यायला त्याचं वॉलेट उघडत बसणार नाही 😄 आयडिया तशी चांगलीये, पैसे स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये (अट पूर्ण झाली की आपोआप चालणारा ब्लॉकचेनवरचा प्रोग्राम) अडकून राहतात, चेक-इन झालं की तुला सुटतात. पण गीझर बंद निघाला तर कॉन्ट्रॅक्टला काय कळणार? वर क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के टॅक्स आणि व्यवहारावर १ टक्का टीडीएस. मी सरळ व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस, गूगल मॅपवर नोंद आणि यूपीआयने निम्मे पैसे आधी एवढंच करतो, जुने गेस्ट थेट फोन करतात.

पंचवटी_होमस्टे: अ‍ॅप एकदम सोडू नका दादा, नवीन माणूस तिथूनच येतो. वेगवेगळ्या अ‍ॅपची कॅलेंडरं आयकॅलने (कॅलेंडर जोडायची लिंक) जोडा, पण ते लगेच अपडेट होत नाही, माझ्याकडे एका रात्री दोन फॅमिल्या दारात, एकीला मावशींकडे झोपवलं. थेट बुकिंग आलं की आधी अ‍ॅपवर तारीख हाताने बंद करा. आणि परदेशी पाहुणा असेल तर २४ तासांत त्याच्या नोंदीचा सरकारी फॉर्म (पूर्वीचा फॉर्म सी) ऑनलाइन भरायचा, थेट असो की अ‍ॅपवरून.

गंगापूररोडकर: भाच्याला वेबसाइटच्या कामाला लावतो मग.