एल्व्हिसच्या आधी नुसतं रडगाणं होतं?

तबकडी_७८

परवा पश्चिमवारा यांनी इथे लिहिलं होतं: "५ जुलै १९५४ ला मेम्फिसमध्ये एल्व्हिस प्रेस्ली माइकसमोर उभा राहिला आणि रॉक अँड रोल जन्माला आलं. त्याआधी कृष्णवर्णीयांचं ब्लूजचं रडगाणं होतं." दोन दिवस गप्प बसून पाहिलं. जमत नाही.

त्या दिवशी एल्व्हिस गायला काय? 'दॅट्स ऑल राइट'. ते आर्थर क्रुडपचं, १९४६ चं. त्याची पुढची तबकडी? 'गुड रॉकिंग टुनाइट'. ते रॉय ब्राउनने १९४७ मध्ये लिहिलं आणि गायलं, आणि वायनोनी हॅरिसने पुढच्या वर्षी आर अँड बीच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांमधल्या लोकप्रिय गाण्यांच्या (रिदम अँड ब्लूज), यादीत पहिल्या क्रमांकावर नेलं. सहा-सात वर्षं आधीपासून लोक ज्यावर घाम गाळून नाचत होते, ते जन्मायचं राहिलं होतं कसं?

आणि रडगाणं? सिस्टर रोझेटा थार्प ऐका. आर्कान्सातल्या कॉटन प्लांटची, चर्चमध्ये वाढलेली बाई. तिचं १९४४ मध्ये मुद्रित केलेलं 'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे' लावा, सॅमी प्राइसचा पियानो ऐका आणि पाय स्थिर ठेवून दाखवा. १९४७ मध्ये जॉर्जियातल्या मेकन गावी तिने एका चौदा वर्षांच्या पोराला मंचावर गायला बोलावलं. तो पुढे लिटल रिचर्ड झाला. १९५१ मध्ये वॉशिंग्टनच्या बेसबॉल मैदानावर तिकीट लावून तिने लग्न केलं, तर वीस हजारांच्या घरात माणसं आली आणि नवरीच्या पोशाखातच तिने गिटार वाजवली. १९७३ मध्ये ती गेली. थडग्यावर साधा नावाचा दगड लागायला पस्तीस वर्षं गेली. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तिला घेतलं २०१८ मध्ये. 'त्याआधी रडगाणं' अशी वाक्यं आपण सहज लिहितो म्हणून हे असं होतं.

पश्चिमवारा

माझं वाक्य उचललंत तर पुढचंही उचलायचं होतं. मी 'संगम' हा शब्द वापरला होता. 'रडगाणं' हा शब्द चुकला, तो मागे घेतो. बाकी एक अक्षर मागे घेणार नाही.

एल्व्हिसच्या 'दॅट्स ऑल राइट'च्या तबकडीची दुसरी बाजू बघा. 'ब्लू मून ऑफ केंटकी', म्हणजे बिल मन्रोचं ब्लूग्रास, डोंगरातल्या गोऱ्यांचं संगीत. एका बाजूला मिसिसिपीचं ब्लूज, दुसऱ्या बाजूला केंटकी, आणि दोन्ही बाजूंना ठेका एकच. हे त्याआधी कुणी केलं? चक बेरीचं 'मेबलीन' घ्या, १९५५, चेस कंपनी. ते 'आयडा रेड' या गावरान कंट्री गाण्यावरून उभं राहिलंय, जे बॉब विल्सने १९३८ मध्ये मुद्रित केलं होतं. बेरी स्वतः कृष्णवर्णीय, घेतलं गोऱ्यांकडून. मग एल्व्हिसने क्रुडपकडून घेतलं तर तेवढी चोरी कशी?

आणि एल्व्हिसने हे कधी लपवलं नाही. १९५६ मध्ये, सगळं जग डोक्यावर घेऊन नाचत असताना, त्याने मुलाखतीत क्रुडपचं नाव घेऊन सांगितलं की हे संगीत कृष्णवर्णीय लोक कितीतरी वर्षं असंच गात-वाजवत आलेत. आजचे किती गायक एवढं बोलतात?

तबकडी_७८

नाव घेतलं, मान्य. क्रुडपच्या हातात पैसे किती आले? तो १९७४ मध्ये गेला तेव्हाही हक्काच्या पैशासाठी झगडतच होता. 'हाउंड डॉग' बिग मामा थॉर्नटनने १९५२ मध्ये मुद्रित केलं, पुढच्या वर्षी ते आर अँड बी यादीत सात आठवडे पहिलं होतं. तिच्या सांगण्याप्रमाणे तिला मिळाला पाचशे डॉलरचा एक चेक. आणि ज्या 'मेबलीन'चा दाखला तुम्ही दिलात, त्यावर गीतकार म्हणून बेरीबरोबर रेडिओ निवेदक अॅलन फ्रीडचं नाव छापलं होतं. त्याने एक ओळ लिहिली नव्हती. ते नाव काढून घ्यायला बेरीला १९८६ उजाडलं.

माझे वडील पुण्यात जुन्या बाजारातून तबकड्या आणायचे. लेबलावर कंसात बारीक अक्षरात छापलेली नावं ते आधी वाचायचे, मग तबकडी लावायचे. मला तीच सवय लागली, म्हणून हे लागतं जिव्हारी.

टेनेसीकर

मी मेम्फिसला चार वर्षं राहिले, ७०६ युनियन अव्हेन्यूच्या, म्हणजे आताच्या सन स्टुडिओच्या, त्या खोलीत निदान दहा वेळा पाहुण्यांना घेऊन गेले असेन. आपल्याकडच्या शाळेच्या वर्गाएवढी खोली. तुम्ही दोघं ज्या खोलीसाठी भांडताय तिथे एल्व्हिसच्या तीन वर्षं आधी, मार्च १९५१ मध्ये, 'रॉकेट ८८' मुद्रित झालं. क्लार्क्सडेलहून आलेली आइक टर्नरची पोरं. वाटेत अॅम्प्लिफायर मोडला. कुणी म्हणतं गाडीवरून पडला, कुणी म्हणतं भिजला. स्टुडिओचा मालक सॅम फिलिप्सने स्पीकरच्या फाटक्या पडद्यात कागद कोंबला आणि तो घरघरता आवाज तसाच ठेवला. विली किझार्टची ती गिटार ऐकली की मला पुढचं सगळं रॉक त्यातून येताना दिसतं. त्याच उन्हाळ्यात ते आर अँड बीमध्ये पहिलं आलं. माझ्या मते जन्म द्यायचाच तर त्या मोडक्या अॅम्प्लिफायरला द्या.

काळी_पाच

आता राहवत नाही. गिटार, गिटार, गिटार. ताई, तुम्ही दहा वेळा त्या खोलीत गेलात, 'रॉकेट ८८' मध्ये सगळ्यात जास्त वेळ कोण वाजतंय ते एकदा तरी ऐकलंत का? टेनर सॅक्सोफोन. रेमंड हिल. ज्याच्या नावावर ती तबकडी निघाली तो जॅकी ब्रेन्स्टनसुद्धा बँडमधला सॅक्सवालाच. किझार्टची गिटार खाली बेसची ओळ घोटतेय. मोडक्या अॅम्प्लिफायरची गोष्ट सगळ्यांना पाठ, रेमंड हिलचं नाव कुणालाच नाही.

मी मिरजेचा. वडिलांनी बत्तीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये सॅक्स वाजवला. एका लग्नसराईत मालकाने सांगितलं, "उद्यापासून येऊ नका, कीबोर्डात सॅक्सचा आवाज येतो की." वडील त्या दिवशी सॅक्स पेटीत ठेवून चालत घरी आले. मला हा विषय निवांत चर्चेचा वाटत नाही.

टेनेसीकर

वडिलांबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण त्याचा राग गिटारवर का काढता? सॅक्स हे जॅझचं, मोठ्या बँडचं शिल्लक राहिलेलं वाद्य होतं. रॉकने नवीन काय आणलं तर गिटार. त्यात अपमान कसला?

काळी_पाच

शिल्लक राहिलेलं? बरं, मग नीटच बोलू.

लायोनेल हॅम्प्टनच्या बँडमध्ये १९४२ साली इलिनॉय जॅकेटने 'फ्लाइंग होम'मध्ये सॅक्स वाजवला. एकाच सुरावर पुन्हा पुन्हा आघात, लोकांना खुर्चीत बसू न देणारा. तिथून टेनर सॅक्सवाल्यांची अख्खी पिढी उठली. बिग जे मॅकनीली जमिनीवर पाठ टेकून, पाय वर करून वाजवायचा. ज्या कार्यक्रमाला पहिली रॉक मैफल म्हणतात, क्लीव्हलंड, २१ मार्च १९५२, फ्रीडचा मूनडॉग बॉल, दारं मोडून माणसं आत शिरली आणि पोलिसांनी तो बंद केला. त्या रात्री वाजवायला उभा राहिला तो पॉल विल्यम्स. वाद्य? बॅरिटोन सॅक्स.

न्यू ऑर्लिन्सला या. कोझिमो मटासाचा स्टुडिओ, १४ सप्टेंबर १९५५, लिटल रिचर्डचं 'टुटी फ्रुटी'. मधला तुकडा कोण घेतो? ली अॅलनचा टेनर सॅक्स. त्यात गिटारचा तुकडा शोधून दाखवा. फॅट्स डॉमिनोबरोबर हर्ब हार्डेस्टी कित्येक दशकं होता. बिल हेलीच्या 'रॉक अराउंड द क्लॉक'मध्येही जोई अॅम्ब्रोझचा सॅक्स गिटारच्या बरोबरीने धावतो.

आणि आता तुमचा लाडका चक बेरी. 'जॉनी बी. गुड' कुठल्या पट्टीत आहे? काळी पाच, इंग्रजीत बी फ्लॅट. गिटार हातात घेतलेला पोरगा आपणहून काळी पाच धरत नाही, त्याला ई आणि ए या पट्ट्या सोयीच्या. काळी पाच ही सॅक्सची घरची पट्टी, बेरीचा पियानोवाला जॉनी जॉन्सन याच्या हाताची पट्टी. ज्या गाण्याला जग गिटारचं गाणं म्हणतं, त्याची पट्टी पियानो आणि फुंकवाद्यांच्या बँडची आहे. माझं इथलं नाव त्यावरूनच.

१९५४ धरलं की काय होतं बघा. त्या खोलीत ५ जुलैला एल्व्हिस, स्कॉटी मूरची गिटार, बिल ब्लॅकचा उभा बेस. ड्रम नाही, सॅक्स नाही. तिथून इतिहास मोजला की आमची माणसं आपोआप गायब.

पश्चिमवारा

पट्टीचा मुद्दा मला माहीत नव्हता. घरी पियानो आहे, आत्ता लावून बघितलं, खरं आहे.

पण 'जॉनी बी. गुड'ची सुरुवात कुठून आली तेही सांगा. लुई जॉर्डनच्या बँडमधल्या कार्ल होगनने १९४६ मध्ये गिटारवर वाजवलेल्या तुकड्यातून. बेरीने ते स्वतः सांगितलंय. होगन गिटारवाला होता. 'गिटार नंतर घुसली' हे तुमचंही अर्धंच आहे.

काळी_पाच

आणि लुई जॉर्डन स्वतः काय वाजवायचा? आल्टो सॅक्स. होगन त्याच्या पगारावर होता.

तबकडी_७८

मी रोझेटा थार्पवर धागा काढला होता. ती गिटार वाजवायची. इतक्या प्रतिसादांत तिचं नाव कुणी घेतलेलं नाही. काळी_पाच, तुमच्या रेमंड हिलवर अन्याय झाला हे सांगताना तुम्ही तिलाही त्याच गठ्ठ्यात टाकलंत. 'गिटार, गिटार, गिटार' म्हणताना ती गिटार कुणाच्या हातात होती हे बघायला हवं होतं. एका कृष्णवर्णीय बाईच्या.

काळी_पाच

हे बरोबर बोललात. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

रांचीचा_पाहुणा

कोण वाजवत होतं यावर एवढं चाललंय, तर ते वाजवणारे कमी का झाले यावर थोडं. मी नोकरीमुळे झारखंडात आहे आणि माझं काम लाखेचं आहे, म्हणून हा भाग वाचलेला.

७८ ची तबकडी शेलॅकची, म्हणजे लाखेची, आणि लाख बहुतेक सगळी आपल्याकडून, छोटा नागपूरच्या पळस-कुसुमाच्या झाडांवरून जायची. १९४२ मध्ये अमेरिकेने युद्धासाठी शेलॅक राखून ठेवलं आणि तबकड्यांचा वाटा एकदम तोडला. त्याच वर्षी ऑगस्टपासून वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला, तो मोठ्या कंपन्यांपुरता १९४४ पर्यंत चालला. हातात थोड्याच तबकड्या, तेव्हा मोठ्या कंपन्यांनी खात्रीच्या गोऱ्या गायकांवर लक्ष ठेवलं. कृष्णवर्णीय श्रोत्यांची बाजू मोकळी पडली ती छोट्या कंपन्यांना: सिनसिनाटीची किंग, लॉस एंजेलिसच्या स्पेशॅल्टी आणि इंपीरियल, न्यूयॉर्कची अॅटलांटिक, शिकागोची चेस. या धाग्यात आलेली बरीच गाणी त्यांचीच.

१९४४ मध्ये नाचघरांवर जबर कर बसला. पंधरा-वीस जणांचा बँड परवडेना. सहा-सात जण उरले. त्यात चार फुंकवाद्यांचं काम एकट्या टेनर सॅक्सला करावं लागलं, म्हणून तो असा किंचाळायला लागला. पुढे अॅम्प्लिफायर आले, दोन गिटारी आणि एक ड्रम यांनी तेवढाच आवाज निघू लागला, सॅक्सवाल्याचाही पगार वाचला.

काळी_पाच

म्हणजे सॅक्स पुढे आला तो पंधरा जणांच्या पोटावर पाय देऊन, असं म्हणायचंय का तुम्हाला?

रांचीचा_पाहुणा

हो. ट्रॉम्बोनवाल्यांचीही पोरं असतील, जी असाच प्रतिसाद लिहितील.

काळी_पाच

हे ऐकायला बरं वाटलं नाही. पण खोटं आहे असं म्हणता येत नाही. वडिलांच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला त्यांच्या आधी तीन वर्षं सुटला होता. तेव्हा घरी कुणी काही बोललं नव्हतं. वडीलसुद्धा.

टेनेसीकर

आत्ता मुलाला झोपवून हेडफोन लावून 'रॉकेट ८८' पुन्हा ऐकलं. मधला अख्खा तुकडा सॅक्सचा आहे. इतकी वर्षं मी त्या खोलीतली गोष्ट ऐकत आले, गाणं ऐकलंच नव्हतं. अॅम्प्लिफायरचं मत मात्र सोडत नाही. सॅक्स आधीही तसा वाजत होता, तो आवाज आधी नव्हता.

पश्चिमवारा

तबकडी_७८, माझ्या मूळ लेखात 'जन्माला आलं' काढून 'गोऱ्या पोरांच्या रेडिओवर पोचू लागलं' असं केलंय. ५ जुलै ही तारीख मी ठेवणार. त्या दिवशी काहीतरी घडलं, हे तुम्ही मला पटवून खोटं ठरवू शकलेला नाहीत.

तबकडी_७८

पोरांच्या रेडिओवर क्लीव्हलंडहून फ्रीड १९५१ पासूनच कृष्णवर्णीयांच्या तबकड्या लावत होता आणि गोरी पोरंही ऐकत होती, त्यामुळे हेही वाक्य टिकत नाही. पण आज एवढं पुरे. तारीख ठेवा. खाली क्रुडपचं नाव आणि १९४६ हे साल घाला.

पश्चिमवारा

घातलं. थार्पचं लग्नही घातलं, तुमच्या नावानिशी.

काळी_पाच

आणि रेमंड हिल?