मदत हवी आहे: सोलापुरात एडीएचडीसाठी थेरपी कुठे मिळेल?

जुळेसोलापूरकर
लवकर उत्तर हवंय. मुलाला एडीएचडी (लक्ष न टिकणं, चंचलपणा) आहे असं निदान झालं. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि 'सोबत थेरपी चालू करा' म्हणाले. कुठे, कुणाकडे, काहीच सांगितलं नाही. गोळी तर मिळतच नाहीये. सात रस्त्यापासून नवी पेठेपर्यंत मेडिकल पालथी घातली. एका दुकानदारानं तर चिठ्ठी बघून असं काही तोंड केलं की मी गांजाच मागितलाय. परीक्षा तोंडावर आलीय. कृपया 'पुण्याला जा' सांगू नका.

रानपाखरू
मुलगा किती वर्षांचा? निदान कुणी केलं, बालरोगतज्ज्ञ की मानसोपचारतज्ज्ञ? गोळी कोणती? एवढं तरी लिहा, नाहीतर काय सांगणार.

कडकभाकरी
पुण्यालाच जा ओ ताई. माझ्या भाच्याला तिथंच गुण आला. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरायची, डॉक्टर उरकायचे, रात्री जेवायला घरी.

जुळेसोलापूरकर
वय सोळा, अकरावी सायन्स. मानसोपचारतज्ज्ञांनी निदान केलं. गोळी मिथिलफेनिडेट.
कडकभाकरी, दर आठवड्याला कॉलेज बुडवून पुणे कसं जमणार? मिस्टरांचा यंत्रमागाचा कारखाना आहे, तेही येऊ शकत नाहीत.

औषधनिर्माता
मिथिलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत येतं. ते ठेवायला दुकानाला वेगळा परवाना लागतो. चिठ्ठी दोन प्रतींत हवी, त्यातली एक दुकानदारानं २ वर्षं जपून ठेवायची. एवढ्या भानगडीत छोटी दुकानं पडतच नाहीत. तुमच्याकडे चिठ्ठीची एकच प्रत असेल तर परवानेवालाही परत पाठवेल. डॉक्टरांना थेट विचारा, 'तुमचे बाकीचे पेशंट कुठून घेतात?' मोठ्या हॉस्पिटलच्या आतल्या मेडिकलमध्ये मिळण्याची शक्यता जास्त.
आणि व्हिडिओ कॉलवर कुणाकडून लिहून घेण्याच्या भानगडीत पडू नका. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांत शेड्यूल एक्सची औषधं तशी देता येत नाहीत. अ‍ॅटोमॉक्सेटिन हे दुसरं औषध या यादीत नाही, पण त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात. बदलायचं की नाही हे डॉक्टरच ठरवतील.

सूर्यनमस्कारी
सोळाव्या वर्षी मेंदूची गोळी? ब्राह्मी द्या, पहाटे उठवा, मोबाइल काढून घ्या. आमच्या लहानपणी असली नावंच नव्हती. मी स्वतः पोरं घडवलीत, शिस्तीनं सगळं होतं.

मागावरचा_मुनीम
सूर्यनमस्कारी, व्यायाम चांगलाच, पण त्यानं एडीएचडी जात नाही. मी चाळिशीजवळ आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत हिशेब बघतो. लहानपणी या शिस्तीचे फटके भरपूर खाल्लेत. त्यानं एवढंच शिकलो की वही हरवली तर सांगायचं नाही. मोठेपणी निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी आधी थायरॉइड, झोप, उदासपणा सगळं तपासलं आणि आईला माझ्या शाळेच्या दिवसांबद्दल विचारलं. लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून असावी लागतात.

ताई, थेरपी म्हणजे नुसतं बोलत बसणं नव्हे. माझ्या थेरपिस्ट बाईंनी पहिल्या भेटीत जीएसटीच्या रिटर्नचं काम कागदावर फोडायला लावलं. पहिली पायरी काय लिहिली? 'फाइल कपाटातून काढून टेबलावर ठेवणे.' बस. पुढचं ती ठेवल्यावर. तुमच्या मुलाचं फिजिक्सचं जर्नल असंच फोडून बघा. 'जर्नल पूर्ण कर' म्हटलं की तो पेन शोधण्यातच संध्याकाळ घालवेल. 'तिसऱ्या प्रयोगाची आकृती काढ' म्हणा, आणि तुम्ही शेजारी भाजी निवडत बसा. शिकवायचं नाही, टोकायचं नाही, फक्त बसायचं. मला हे अजून लागतं, बायको पेपर वाचत शेजारी बसते.

सूर्यनमस्कारी
म्हणजे आईनं जन्मभर शेजारी बसायचं?

मागावरचा_मुनीम
लागेल तितके दिवस बसायचं. त्याला मदत हवी आहे, ती दिल्यानं तो बिघडत नाही.

हक्कदार
अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढा. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात एडीएचडी स्वतंत्र नाही, पण विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचणं, लिहिणं, गणित यात अडचण) आहे. ती सोबत असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो.

जुळेसोलापूरकर
प्रमाणपत्राचं मी विचारलंच नव्हतं, पण लिहायला त्याला खरंच वेळ लागतो. तपासून घेते. मला आधी थेरपिस्ट हवाय हो, कुणीतरी सांगा.

रानपाखरू
सिव्हिलला जाऊन बघितलंत का? वैशंपायन मेडिकल कॉलेजचं सर्वोपचार रुग्णालय. तिथल्या मानसोपचार ओपीडीत विचारा, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोण आणि कुठल्या वारी. गर्दी असते, सकाळी लवकर जा. शिवाय टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीतून बोलतात. ते जवळची सोय सांगतात.
थेरपिस्ट ठरवताना एवढं विचारा, 'एडीएचडीच्या किशोरवयीन मुलांसोबत काम केलंय का, आणि आईवडिलांना सोबत बसवता का?' आमच्या ओळखीत एका ठिकाणी एकाग्रतेच्या कोर्सचे पैसे आगाऊ घेतले आणि फक्त संगणकावर खेळ खेळवले.

कडकभाकरी
पुण्यात असं फसवत नाहीत.

रानपाखरू
ते ठिकाण पुण्यातलंच होतं.

जुळेसोलापूरकर
१४४१६ लावला, नीट बोलले. सिव्हिलला सोमवारी जातोय. डॉक्टरांकडून चिठ्ठीची दुसरी प्रतही घेतली. मुनीमदादा, मिस्टरांनी तुमचा प्रतिसाद वाचला आणि म्हणाले, 'हे तर माझंच आहे.' बिलं खिशात ठेवून विसरतात, अर्धं बोलणं सोडून मागाकडे जातात. या वयात निदान होतं का?

मागावरचा_मुनीम
होतं. घराण्यात चालत येणारी गोष्ट आहे ही, मुलाच्या निमित्तानं बापाचं कळणं नेहमीचं. सतरा वर्षांपुढे नऊपैकी पाच लक्षणंही पुरतात, पण कामात, घरात खरा अडथळा व्हायला हवा. सोमवारी दोघांचाही केसपेपर काढा. मुलाची प्राथमिक शाळेची प्रगतिपुस्तकं न्या, शेरे उपयोगी पडतात. बीपी, नाडी, वजन मोजून घ्या आणि घरात कुणाला हृदयाचा त्रास असेल तर न विचारता सांगा. गोळीनं भूक कमी होऊ शकते, म्हणून सकाळी खायला घालूनच द्या.

शेंगाचटणी
धागा वाचून विचारते. माझी बहीण सत्तावीसची आहे, अजिबात दंगेखोर नाही, उलट गप्प. पण कुठलंच काम शेवटाला जात नाही. मुलींना असतं का हे?

मागावरचा_मुनीम
असतं. लक्ष न लागण्याचाच भाग जास्त असेल तर वर्गात कुणाला त्रास होत नाही, म्हणून लक्षातही येत नाही. वेगळा धागा काढा, बहिणीची झोप आणि शाळेतलं सगळं आधीच लिहा.