दोन भावांमधील फरक कोणाकडे जातो?

ऑनलाइन खेळांच्या बाजारात ‘खरेदीचा भाव आणि विक्रीचा भाव यांतील फरक खेळाची कंपनी खिशात घालते’ असे म्हटले जाते. ईव्ह ऑनलाइन या खेळापुरते तरी ते बरोबर नाही. तेथे खऱ्या पैशांनी घेतलेले प्लेक्स (खेळाचे सदस्यत्व वगैरे घेण्यासाठी वापरता येणारी खेळातील वस्तू) खेळाडू एकमेकांना इस्क या खेळातील चलनात विकतात, आणि भावही तेच ठरवतात. समजा, विक्रीचा सर्वांत कमी भाव ५२ लाख इस्क आहे आणि खरेदीची सर्वांत मोठी बोली ४९ लाखांची आहे. ज्याला प्लेक्स आत्ताच हवे आहे तो ५२ लाख मोजतो, ज्याला आत्ताच विकायचे आहे तो ४९ लाखांवर समाधान मानतो. मधले तीन लाख, दलाली आणि विक्रीकर वजा जाता, दोन्हीकडे बोली लावून थांबणाऱ्या खेळाडूला मिळतात. थांबण्याला किंमत आहेच, कारण खरेदीची बोली लावताच तिची पूर्ण रक्कम अडकून पडते आणि सौदा झाला नाही तरी दलाली परत मिळत नाही.

पूर्वी ०.०१ इस्कने भाव वाढवून दुसऱ्याच्या पुढे जाता येत असे, आणि तासन्‌तास तेच चालायचे. २०२० पासून भावात चारच सार्थ अंक चालतात, म्हणजे डावीकडचे पहिले चार अंक बदलता येतात आणि पुढे शून्येच असतात, त्यामुळे ४९,००,००० च्या पुढे जायचे तर किमान ४९,०१,००० लिहावे लागतात. मला हा बदल मनापासून योग्य वाटतो. नवख्यांनी घाईत विकण्याआधी खरेदीच्या आणि विक्रीच्या बोलींच्या दोन्ही याद्या उघडून पाहाव्यात, ही कळकळीची विनंती.