आरए फॅक्टर निगेटिव्ह, पण सकाळी मूठ वळत नाही. पुढे काय करावं? (मदत हवी आहे)

काजबटण

नमस्कार मंडळी. मी बार्शीची, वय ३८. घरीच लेडीज टेलरिंग करते, म्हणजे हातावरच पोट आहे.

दसऱ्याच्या सुमारास आमच्या गल्लीत तापाची साथ होती. मलाही सडकून ताप आला, अंगावर पुरळ उठलं आणि सगळे सांधे धरले. दवाखान्यात "चिकुनगुनियाच दिसतोय" म्हणाले, तपासणी काही केली नाही. ताप आठवड्यात गेला. सासूबाईंना आणि शेजारच्या काकूंनाही तेव्हाच झालं होतं, त्या दोघी दिवाळीपर्यंत हिंडूफिरू लागल्या. माझं मात्र संक्रांत उलटून गेली तरी चालूच आहे.

सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही. कणीक नवरा मळून देतो. नऊ-साडेनऊपर्यंत कात्री हातात धरवत नाही. दोन्ही हातांच्या पहिल्या दोन बोटांच्या बुडाशी सूज आहे, दाबलं की कळ जाते. दोन्ही मनगटं दुखतात. पायाच्या बोटांमागे तळव्याला असं होतं की सकाळची पहिली पावलं खड्यांवर टाकल्यासारखी. बांगड्या मनगटावर अडतात, म्हणून काढूनच ठेवल्यात. हुक, काजं आणि हातशिलाई बाहेर देते आहे. गंमत म्हणजे मशीनवर बसून काम सुरू केलं की हात मोकळे होतात आणि जरा आडवं पडलं की पुन्हा आखडतात.

रिपोर्ट असे आहेत: अंगातली सूज मोजणाऱ्या तपासण्या सीआरपी २४ (लॅबची मर्यादा ६) आणि ईएसआर ५२, हिमोग्लोबिन १०.२, युरिक अ‍ॅसिड ४.८, एएसओ (घशाच्या जंतुसंसर्गाची तपासणी) नॉर्मल, आरए फॅक्टर (आमवातासाठी करतात ती रक्ततपासणी) निगेटिव्ह. हातांचा एक्सरे नॉर्मल.

फॅमिली डॉक्टर म्हणतात, आरए फॅक्टर निगेटिव्ह आहे म्हणजे आमवात (रुमॅटॉइड आर्थरायटिस) नाही, तापानंतरचा अशक्तपणा आहे. हाडांच्या डॉक्टरांनी कॅल्शियम आणि पेनकिलर दिली, "चिकुनगुनियाचं दुखणं वर्षभरही राहतं" म्हणाले. मध्ये एकदा कमरेत इंजेक्शन दिलं होतं, त्यानंतरचे दिवस स्वर्ग होता, मग जैसे थे. माझी मोठी मावशी आमवातानेच अंथरुणाला खिळली, तिची बोटं वाकडी झालेली मी लहानपणापासून पाहिलीत. म्हणून भीती वाटते. आरए फॅक्टर निगेटिव्ह म्हणजे विषय संपला का? की अजून काही तपासायचं राहिलंय? आणि दाखवायचं ते नेमकं कुणाला?

तिखटमीठ

ताई, आधी दही, लिंबू, चिंच बंद करा. आमच्या मामीला असंच होतं. आमच्याकडे एक जण पुड्या देतात, दुधातून घ्यायच्या. तिसऱ्या दिवशी मामी जिना चढली! पत्ता हवा असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा.

ओपीडी_नंबर_सात

ताई, मी फिजिशियन आहे आणि रुमॅटॉलॉजीच्या (सांधेविकारांच्या) ओपीडीत काम करतो. इथे बसून निदान करता येत नाही, तसं करूही नये. पण तुम्ही जे लिहिलंय ते वाचून एवढं नक्की सांगतो की विषय संपलेला नाही.

आरए फॅक्टर ही आमवाताची हो-नाही सांगणारी तपासणी नाहीच. आमवात असलेल्या साधारण चार-पाच जणांमागे एकाचा तरी हा फॅक्टर निगेटिव्ह येतो, आणि आजाराच्या सुरुवातीला तर हे प्रमाण आणखी जास्त असतं. उलट हिपॅटायटिस सी किंवा टीबी असलेल्यांत, इतकंच काय, धडधाकट म्हाताऱ्या माणसांतही तो पॉझिटिव्ह सापडतो. लॅबवाले 'आर्थरायटिस प्रोफाइल' म्हणून जे पॅकेज विकतात त्यात युरिक अ‍ॅसिड आणि एएसओ घुसडलेलं असतं. तुमच्या वयाच्या बाईच्या दोन्ही हातांचे लहान सांधे सुजलेत तर एएसओ कशाला, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही. जी हवी ती अँटी-सीसीपी (आमवातात सापडणाऱ्या अँटिबॉडीची तपासणी) मात्र त्या पॅकेजात बहुतेक वेळा नसते. ती करा. ही पॉझिटिव्ह आली तर सहसा फसवत नाही. निगेटिव्ह आली तरी आमवात पूर्ण बाद होत नाही, हेही लक्षात असू द्या.

आता तुमच्या लक्षणांबद्दल. सकाळचा आखडलेपणा तासाहून जास्त, कामाने मोकळा होणारा आणि विश्रांतीने वाढणारा, दोन्ही बाजूंना सारखा, बोटांच्या बुडाचे सांधे, मनगटं, पायाच्या बोटांमागचा भाग. हे सुजेच्या संधिवाताचं चित्र आहे. झिजेच्या दुखण्यात बोटांची टोकाकडची पेरं टणक होतात, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासात जातो आणि काम केलं की दुखणं वाढतं. अशक्तपणाने सांधा सुजत नाही.

२०१० साली अमेरिकन आणि युरोपियन संघटनांनी मिळून दहा गुणांची एक पद्धत आखली. त्यात किती आणि कोणते सांधे, रक्तातल्या अँटिबॉडी, सीआरपी किंवा ईएसआर आणि सहा आठवड्यांचा कालावधी यांना गुण आहेत. सहा किंवा जास्त झाले की आमवात धरतात. तुमच्या वर्णनातून मला चार ते दहा लहान सांधे दिसतात, त्याचे तीन, सीआरपी वाढलेला म्हणून एक, सहा आठवडे केव्हाच उलटले म्हणून एक. झाले पाच. म्हणजे अँटी-सीसीपीवर पारडं फिरतं. शिवाय सांधे हाताने दाबून मोजले तर दहाच्या वरही निघू शकतात. ते फोटोवरून होत नाही.

पण यात मेख आहे. ही मोजणी दुसऱ्या कशाने सुजेचा नीट खुलासा होत नसेल तेव्हाच करायची असते, आणि चिकुनगुनियानंतरचे सांधे हुबेहूब असेच दिसतात. असे रुग्ण याच पद्धतीत सहा गुण सहज मिळवतात. तेव्हा हाडांचे डॉक्टर अगदीच चुकीचं बोललेले नाहीत. चिकुनगुनियाची आयजीएम तपासणी तापाच्या पाचव्या-सहाव्या दिवसापासून पुढचे काही आठवडे उपयोगी. आता आयजीजी केलीत तर कधीतरी होऊन गेला एवढंच कळेल, तुमच्या भागात ते निम्म्या गावाचं निघेल. त्यापेक्षा अँटी-सीसीपी, हातांची पॉवर डॉपलर (सांध्यातला वाढलेला रक्तप्रवाह दाखवणारी) सोनोग्राफी आणि पायांचा एक्सरे करा. हाडाला खड्डे पडायला लागले तर कधीकधी ते आधी पायाच्या करंगळीपाशी दिसतात. पहिल्या काही महिन्यांत हातांचा एक्सरे नॉर्मलच असतो, त्याच्यावर विसंबू नका.

मला आणखी हवंय ते असं: डोक्यात किंवा कोपरांवर खपल्या येतात का, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे आहेत का (सोरायसिस), उन्हात गालावर चट्टा, तोंड येणं, केस पुंजक्याने गळणं (ल्युपस), रात्री बोटांना मुंग्या, थायरॉइड. आणि ते कमरेतलं इंजेक्शन कसलं होतं?

दाखवायचं रुमॅटॉलॉजिस्टला. सोलापूर किंवा पुणे. जमत नसेल तर सरकारी मेडिकल कॉलेजचा मेडिसिन विभाग. उपचार पहिल्या तीन महिन्यांत सुरू झाले तर सांधे वाचण्याची शक्यता सगळ्यात जास्त, तुमचा तो काळ उलटत आलाय. म्हणून "बघू उन्हाळ्यापर्यंत" नको.

तिखटमीठ, राग मानू नका. तिसऱ्या दिवशी जिना चढायला लावणारं औषध जगात आहे, त्याचं नाव स्टेरॉइड. १९४८ मध्ये अमेरिकेत फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका बाईंना कॉर्टिसोन दिलं आणि त्या काही दिवसांत चालू लागल्या. १९५० मध्ये त्यांना आणि आणखी दोघांना त्यासाठी नोबेल मिळालं. दीर्घकाळ जास्त डोस दिला की काय होतं तेही त्याच रुग्णांत दिसलं: चेहरा गोल, साखर वर, हाडं ठिसूळ. पुडीत किती मिलिग्रॅम आहे हे पुडी देणाराही सांगू शकत नाही. मामींची साखर आणि बीपी तपासून घ्या, पण पुड्या एका दिवसात तोडू नका, डॉक्टरांना सांगून कमी करा. दही-लिंबाने सांधे सुजतात याला आधार नाही. एखादा पदार्थ तुम्हाला स्वतःला बाधत असेल तर सोडा, इतकंच.

गुडघेदुखे_काका

बार्शीकर म्हणताय म्हणून राहवलं नाही. १९७३ साली बार्शीतच चिकुनगुनियाची मोठी साथ आली होती, मी तेव्हा शाळेत होतो. घरोघर माणसं कमरेत वाकून चालायची. मग हा रोग देशातून जवळजवळ गायबच झाला आणि २००६ च्या आगेमागे धाडकन परत आला. आमच्या वडिलांचे घोटे ७३ च्या तापानंतर बरेच महिने सुजत, पण पुढे आपोआप थांबलं. म्हणजे तुमचंही तेच असेल असं नाही हो. तपासून घ्या.

काजबटण

डॉक्टर, इतकं सविस्तर लिहिलंत, फार आभार. खपल्या नाहीत, चट्टे नाहीत. केस गळतात, पण ते तापानंतर सगळ्यांचेच गळतायत. थायरॉइडची गोळी चालू आहे, मागच्या महिन्यात नॉर्मल होतं. इंजेक्शनचं नाव चिठ्ठीवर लिहिलेलंच नाही. विचारलं तर "ताकदीचं आहे" म्हणाले. मोठ्या मावशीचं वर लिहिलंय, तर सांगा, घरात असलं की आपल्यालाही होतंच का?

मनगट

ताई, मी नाशिकची, आमवाताची जुनी रुग्ण. माझाही आरए फॅक्टर निगेटिव्हच होता. मावशीला होता म्हणून तुम्हाला होणारच असं नाही. घरात असेल तर शक्यता थोडी वाढते, एवढंच. माझ्या घरात कुणालाच नाही आणि मला आहे. आणि मावशींच्या काळात जी बोटं वाकडी झाली तशी आता वेळेवर औषध घेणाऱ्यांची सहसा होत नाहीत. आमच्या ओपीडीच्या रांगेत नव्या रुग्णांचे हात बघा, तुमचा विश्वास बसेल.

मोठ्या डॉक्टरांची वेळ तुम्हाला मिळेल दुपारी, आणि दुपारी सूज उतरलेली असते! म्हणून सकाळी उठल्या उठल्या मूठ वळायचा प्रयत्न करतानाचे फोटो काढा, दोन्ही हातांचे. ताठरपणा किती वाजता गेला ते कॅलेंडरवर टिपा. कालनिर्णयावर दुधाच्या हिशोबाशेजारी मी हेच लिहायचे. घेतलेल्या सगळ्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, "पांढरी छोटी गोळी" म्हटलं की डॉक्टर वैतागतात. इंजेक्शन किंवा पेनकिलर चालू असताना गेलात तर सूज झाकली जाते, तेव्हा जायच्या आधी काय बंद करायचं ते त्यांच्याच दवाखान्यात फोन करून विचारा, मनाने नको. आणि शिवणकाम करता हे पहिल्या वाक्यात सांगा. मी "घरीच असते" म्हणाले होते, तर कामाचं कुणी विचारलंच नाही.

ओपीडी_नंबर_सात

मनगट यांनी माझं काम हलकं केलं. एक भर. काही डॉक्टर थेट मेथोट्रेक्सेट (आमवातावरचं मुख्य औषध) सुरू करतात. त्याआधी रक्तपेशी, लिव्हर, किडनी, हिपॅटायटिस बी आणि सी आणि छातीचा एक्सरे झालेला असावा. मूल हवं असेल किंवा गर्भनिरोधनाची सोय नसेल तर ते आवर्जून सांगा, हे औषध गर्भाला चालत नाही.

काजबटण

ऑपरेशन झालंय, तो प्रश्न नाही. सोलापूरची वेळ मिळाली आहे. सीसीपीचं रक्त इथेच दिलं, नमुना बाहेर पाठवतात म्हणाले.

काजबटण

अपडेट: अँटी-सीसीपी दोनशेच्या वर आली आहे, मर्यादा २०. सोलापूरच्या मॅडमनी एक-एक सांधा दाबून कागदावर खुणा केल्या, खांदे आणि गुडघेसुद्धा सोडले नाहीत. सोनोग्राफीत मनगटात सूज आणि रक्तप्रवाह वाढलेला दिसला. म्हणाल्या, चिकुनगुनिया झाला असेलही, कदाचित त्यानेच आजार लवकर उघडा पडला असेल, पण सीसीपी इतकी वर असताना आता हा आमवातच धरायचा. बाहेर आल्यावर नवरा गप्प होता. मला मात्र, खरं सांगू, हलकं वाटलं. इतके महिने सगळे अशक्तपणा म्हणत होते.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, फॉलिक अ‍ॅसिड दुसऱ्या दिवशी, जोडीला सध्या थोडं स्टेरॉइड दिलंय, ते हळूहळू कमी करणार. दर महिन्याला रक्त तपासायचं. मेडिकलवाल्याने पट्टीवर "रोज १" असं लिहून दिलं होतं! चिठ्ठी दाखवल्यावर दुरुस्त केलं.

आता विचारायचंय ते हे की वार कोणता धरावा? आणि गोळीच्या दिवशी शिवणकाम होतं का? लगीनसराई तोंडावर आहे, ब्लाउजांचा ढीग पडलाय.

ओपीडी_नंबर_सात

निदान लागलं हे चांगलं झालं. आणि त्या मेडिकलवाल्याबद्दल मॅडमना नक्की सांगा. मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतल्याने तोंडात फोड येणं, पांढऱ्या पेशी घसरणं, जिवावर बेतणं, हे सगळं होतं. आठवड्याचा वार चिठ्ठीवर नावाने लिहून घ्या. ताप, सतत खोकला किंवा तोंडात फोड आले तर त्या आठवड्याची गोळी घेण्याआधी फोन करा. फरक पडायला सहा ते बारा आठवडे लागतात. स्टेरॉइडमुळे आधीच बरं वाटेल, त्या भरात मेथोट्रेक्सेट सोडू नका.

मनगट

मी शनिवारी रात्री जेवून घेते. रविवारी थोडं मळमळतं, तोंडाला चव नसते, त्या दिवशी कुणाला माप द्यायला बोलवत नाही. तुमचं गिऱ्हाईक रविवारी जास्त येत असेल तर मंगळवार-बुधवार बघा, वार कुठलाही चालतो, फक्त बदलायचा नाही. कात्रीची मूठ जाड करून घ्या, सायकलच्या हँडलचं रबर चढवलं तरी चालतं. आणि काजं अजून दोन-तीन महिने बाहेरच द्या.