टाटा 1613 : पिकपसाठी मोठ्या भोकाचे नोझल टाकावे का?

तिवसेकर ट्रकवाला
गाडी टाटा 1613, कमिन्स टर्बो इंजिन, पंप जुनाच मेकॅनिकल. तिवस्याहून संत्रा भरून नागपूरच्या कळमना मार्केटला जातो. तळेगावच्या पुढं सत्याग्रही घाट लागला की गाडी दम टाकते, मागं काळा धूर. एक जण म्हणतो सहाही नोझल मोठे टाक. मोबाइलवर हिशेबही पाहिला: हॉर्सपॉवरला सिलिंडरनं भागायचं आन मिनिटाला किती सीसी लागते ते काढायचं. तसे घेऊ का?

पंप-नोझल, वर्धा
भाऊ, तो हिशेब पेट्रोल इंजेक्टरचा. तिथं इंजेक्टर किती वेळ उघडा राहतो त्यावर पेट्रोल ठरते. तुमच्या गाडीत डिझेल मोजून देतो तो पंप. नोझलनं फक्त ते बारीक फवारायचं. भोक मोठं केलं की थेंब जाड पडतात, नीट जळत नाहीत, धूर वाढतो. वरून कोणी पंपही वाढवून दिला तर पिस्टन आन टर्बो दोन्ही तापतात. तुमची गाडी आताच काळा धूर मारते, म्हणजे डिझेल कमी नाही, हवा कमी आहे किंवा फवारा खराब आहे.

आधी एअर फिल्टर काढून पाहा. मग टर्बोच्या होजवर, म्हणजे हवेच्या रबरी पाइपावर, हात फिरवा. क्लिपपाशी तेलाचा चिकटा आन त्यावर धूळ बसलेली दिसली तर तिथूनच हवा निसटते.

नोझल बदलायचेच तर इंजिनच्या डेटा प्लेटवरचा सीपीएल नंबर घेऊन जा, या इंजिनात कोणते पार्ट लागतात ते त्यावरून कळते. याच इंजिनाचे कमी-जास्त पॉवरचे प्रकार आहेत, नोझल वेगवेगळे. दुकानदारानं "सगळ्याले एकच लागते" म्हटलं तर उठून या. नोझलवर डीएलएलए 150 असा काही नंबर कोरलेला असतो. तो आकडा फवाऱ्याचा कोन. कोन चुकला की डिझेल पिस्टनच्या खळग्यात न पडता लायनर (सिलिंडरची आतली भिंत) धुते आन ऑइलमध्ये उतरते.

सहाच्या सहा नोझल टेस्टिंग मशीनवर लावून, उभं राहून पाहा. सगळे एकाच दाबाला उघडले पाहिजेत. उघडायच्या दाबापेक्षा 10-20 बार खाली धरून ठेवलं तर 10 सेकंद टोक कोरडं राहिलं पाहिजे. बसवताना जुनं तांब्याचं वायसर हेडमध्येच चिकटून राहते, ते टॉर्च मारून काढा. दोन वायसर झाले की नोझल वर राहतो, नवा सेटही धूरच मारते.

आर्वीचा ड्रायव्हर
माझी बीएस-6 आहे. एक सिलिंडर मिसिंग वाटते. कोणता ते कळायला डिझेल पाइपचा नट सैल करून पाहू का?

पंप-नोझल, वर्धा
बिलकूल नको! ते जुन्या पंपाच्या गाडीवर. तुमच्या बीएस-6 मध्ये कॉमन रेल आहे, म्हणजे सगळ्या इंजेक्टरला एकाच पाइपातून दाबाचं डिझेल. त्यात हजार बारच्या वर दाब जातो, डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते. स्कॅनर लावून घ्या. इंजेक्टर बदलला तर त्याच्यावरचा कोड ईसीयूत, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरात, भरून घ्या.

तिवसेकर ट्रकवाला
प्लेट सापडली, सीपीएल वाचता येते. होजची क्लिप वल्ली आहे तेलानं.

पंप-नोझल, वर्धा
मग आधी होज आन क्लिप नवी टाका. भरल्या गाडीनं घाट चढून पाहा, तरी धूर राहिला तर नोझल खोलू.