उद्यापासून प्लेऑफ! तुमच्या घरी कुणी कुणी देव पाण्यात घातलेत?

सिॲटलकर

काल अमेरिकन बेसबॉलचा १६२ सामन्यांचा हंगाम संपला. उद्या, ३० सप्टेंबर २०२५ला, प्लेऑफची पहिली म्हणजे वाइल्ड कार्ड फेरी सुरू होतेय आणि आमच्या मरिनर्सना ती खेळावीच लागणार नाही. थेट पुढची फेरी! हे लिहितानाही अंगावर काटा येतोय. २००१ नंतर पहिल्यांदा आम्ही गट जिंकलोय.

१९७७ साली सुरू झालेला हा संघ अजून एकदाही वर्ल्ड सिरीजला, म्हणजे शेवटच्या फेरीला, पोचलेला नाही. तीस संघांत असा आमचा एकटाच. २००१ला तब्बल ११६ सामने जिंकले, तरी न्यूयॉर्कच्या यांकीजनी वाटेतच अडवलं. नाशिकहून इथे आल्यापासून दर सप्टेंबरात शेजारचे आजोबा मला एकच सांगायचे, पुढच्या वर्षी बघ.

२४ तारखेला मुलीला घेऊन मैदानात होतो. आमच्या कॅल रॅलीने त्या रात्री हंगामातली ५९वी आणि ६०वी होम रन मारली. कॅचर आहे हो तो! सगळा सामना उकिडवं बसून ताशी दीडशे किलोमीटरचे चेंडू झेलायचे आणि वर हे. आपल्या विकेटकीपरने वर्षभर कीपिंग करून सगळ्यात जास्त षटकार ठोकावेत, तसं. चेंडू गेला तेव्हा मुलीने माझा हात इतका घट्ट धरला की नखांचे वळ उठले. मांडीवरचे लसणीचे फ्राइज तसेच गार झाले. पुढच्या रांगेतला पांढऱ्या केसांचा माणूस टोपी छातीशी धरून नुसता उभा होता. त्याने किती वर्षं वाट पाहिली असेल, या विचाराने मलाच भरून आलं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला संघ गळपटला होता. तेव्हा एका चाहत्याने इंटरनेटवरच्या चेटकिणीला पैसे देऊन तोडगा करून घेतला आणि पुढे सलग दहा सामने जिंकलो. आमच्या घरी मीठ-मोहऱ्यांनी टीव्हीची दृष्ट काढली आहे. तुमच्याकडे काय चाललंय? सविस्तर लिहा.

टोरोंटोकर

अभिनंदन सिॲटलकर, पण पहिला नंबर आमचा! गेल्या वर्षी गटात तळाला होतो, आणि काल शेवटच्या दिवशी टँपा बेच्या रेजना १३-४ असं धुऊन गट जिंकला. यांकीजचेही आमच्याइतकेच ९४ विजय. पण आपसातल्या सामन्यांत आम्ही ८-५ने पुढे, म्हणून मुकुट इकडे. जून-जुलैमधले साधे वाटणारे सामने शेवटी असे कामाला आले.

काल आमच्याकडे जागेवरून हलायची कुणाला परवानगी नव्हती. सासूबाई पहिल्या इनिंगला जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या, त्या शेवटपर्यंत तिथेच. त्यांच्या हाती चहासुद्धा तिथेच दिला.

दुखणं एकच. २०१६ नंतर प्लेऑफमध्ये आमच्या ब्लू जेजनी एक सामना जिंकलेला नाही. २०२०, २०२२, २०२३, तिन्ही वेळा दोन सामन्यांत घरी. त्यातलं २०२२ तर तुमच्यामुळेच! ८-१ने पुढे होतो आम्ही.

सिॲटलकर

आणि १०-९ने आम्ही जिंकलो. तो स्कोअर आमच्याकडे फ्रिजवर लिहिलेला आहे, अजून पुसलेला नाही. या वेळी गाठ पडली तर ती थेट लीगच्या अंतिम फेरीत, वर्ल्ड सिरीजच्या उंबरठ्यावर. या तुम्ही, वाट बघतोय.

एडिसनची मेट्सवाली

मला आज कुणी काही विचारू नका. जूनच्या मध्यावर अख्ख्या बेसबॉलमध्ये सर्वोत्तम रेकॉर्ड आमचा, न्यूयॉर्क मेट्सचा होता. काल मायामीत फक्त एक विजय हवा होता. त्याच जागेवर टपलेले सिनसिनाटीचे रेड्ससुद्धा हरले, म्हणजे दार उघडंच होतं. आणि आम्ही ४-०ने हरलो. ८३ विजय त्यांचे, ८३ आमचे. टायब्रेकरवर ते आत, आम्ही बाहेर.

पाचव्या इनिंगला तिन्ही बेस भरलेले. अलोन्सोने असा सणसणीत फटका मारला की मी उभीच राहिले. चेंडू सरळ डावीकडच्या फील्डरच्या हातात! हातभर इकडेतिकडे गेला असता तर आज मीही उद्याच्या गप्पा मारत असते. मुलगा निळी-नारिंगी टोपी घालूनच झोपला. सकाळी डबा भरताना त्याने विचारलं, "आई, पुढचा सामना कधी?" मार्च म्हणजे सहा महिने. त्याला नीट सांगताच आलं नाही.

मिलवॉकीवाल्यांनो, या वर्षी माझा जीव तुमच्या पदरात.

डेट्रॉइटची ताई

आमच्या घराचे दोन तुकडे झालेत. मी टायगर्सची, दादा-वहिनी क्लीव्हलंडला, आणि उद्या दुपारी एक वाजता आमचीच आपसात लढत, त्यांच्या मैदानावर. जुलैत ते आमच्यापेक्षा साडेपंधरा सामने मागे होते हो! इतकी पिछाडी भरून काढून आजवर कुणी गट जिंकला नव्हता. दादा रोज रात्री न चुकता फोन करायचा, "ताई, आज किती उरले?" मी शेवटी फोन उचलणंच बंद केलं.

पण उद्या चेंडू आमच्या पिचर स्कुबलच्या हातात आहे. त्याचा चेंडू येताना बघितलात तर माझा विश्वास तुम्हालाही पटेल. दादा १९४८पासून विजेतेपदासाठी थांबलेल्या गावाचा, त्याचं दुःख मला कळतं. तरी उद्या एक दिवस बहीण-भाऊ नाही.

बॉस्टनकर

थोडक्यात लिहितो, कारण आमचा क्रोशे उद्या ब्रॉन्क्समध्ये, यांकीजच्या घरी, पिचिंग करतोय आणि माझं दुसरीकडे लक्ष नाही. २००४ पासून प्लेऑफमध्ये यांकीजशी तीनदा गाठ पडली, २००४, २०१८, २०२१. तिन्ही वेळा आमचे रेड सॉक्स जिंकले. तिसरा सामना झालाच तर तो गुरुवारी, ऐन दसऱ्याला. सीमोल्लंघन यांकी स्टेडियममध्येच करू.

क्वीन्समधला यांकीवाला

सीमेवर आमचा ॲरन जज उभा आहे, ५३ होम रन घेऊन. आणि २७ विजेतेपदं कुणाची, तेही लिहून ठेवा. २००९ नंतर एकही नाही, हे मला रोज टोचतं. म्हणूनच उद्यापासून मी शाकाहारी.

मिलवॉकीकर

मेट्सवाल्या ताई, पदर पसरलाच आहे, या. ९७ विजय, सगळ्या बेसबॉलमध्ये सर्वांत जास्त, आणि तेही ब्रूअर्ससारख्या लहान गावातल्या, बेताच्या पैशांच्या संघाचे. सिॲटलकर, हा संघ मुळात तुमचाच बरं का! १९६९ला तिथे सुरू झाला आणि वर्षभरात इकडे आला. वर्ल्ड सिरीज एकदाच खेळलो, १९८२ला, आणि हरलो.

मी हा खेळ रेडिओवर शिकलो. नोकरी रात्रपाळीची, गोदामात. तिथे लोखंडी कपाटावर जुना रेडिओ होता, एरिअलला तार गुंडाळलेली. त्यावर बॉब युकर बोलायचे. बंट म्हणजे काय, कर्व्हबॉल म्हणजे काय, हे मला कुणी शिकवलं नाही, त्यांच्या आवाजातून आपोआप उमगत गेलं. नवीन देश, रात्रीची वेळ, ओळखीचं कुणी नाही, आणि तो आवाज मात्र घरातल्या काकांसारखा. तब्बल ५४ हंगाम त्यांनी समालोचन केलं. या जानेवारीत ते गेले. ऑगस्टमध्ये आम्ही सलग १४ सामने जिंकलो तेव्हा मी गाडी रस्त्याच्या कडेला थांबवून रेडिओ ऐकत बसलो होतो. समालोचक छानच आहेत, पण मला त्या होम रनला युकरांचं "गेट अप, गेट अप" ऐकायचं होतं.

हे वर्ष त्यांच्यासाठी हवंय.

पुण्याहून आजी

मुलांनो, मी डॉजर्सची. लेक लॉस एंजलिसला, नातू व्हिडिओ कॉल लावून फोन टीव्हीसमोर धरतो, तसा मी सामना बघते. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी शनिवारी सकाळी चकल्या तळत होते. वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना, दहावी इनिंग, दोन बाद, तिन्ही बेस भरलेले आणि घोटा दुखावलेला फ्रीमन लंगडत आला. पहिल्याच चेंडूवर होम रन! नातू किंचाळला, फोन त्याच्या हातून पडला, मला नुसतं छत दिसत होतं. इकडे घाणा करपला. ती काळी चकली मी टाकली नाही, डब्यात वेगळी ठेवली होती.

आमचा पिचर कर्शॉ १८ हंगाम खेळून या वर्षी निवृत्त होतोय. त्याला हसत घरी जाताना बघायचंय. आमचा पहिला सामना तुमच्याकडे मंगळवारी रात्री, म्हणजे आमच्याकडे बुधवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास. दूधवाल्याला सांगून ठेवलंय, बेल वाजवू नकोस, पिशवी कडीला अडकव.

सिॲटलकर

आजी, तुमची आणि आमची गाठ पडलीच तर वर्ल्ड सिरीजमध्ये. तेव्हा मुलीला तुमच्याशी बोलायचंय, तिला आत्ताच चकलीचं सांगितलं. आमचा पहिला सामना शनिवारी, ४ तारखेला, ताई किंवा दादा, दोघांपैकी जो जिंकून येईल त्याच्याशी. मुलगी हातातला मिट, चेंडू झेलायचा हातमोजा, काढायला तयार नाही, जेवतानाही नाही. डाव्या हाताने वरणभात चाललाय.